सहावी टाकी

आमच्या घरात पाणी साठवायच्या पाच जागा आहेत. अंगणातला हौद, गच्चीवरची काळी टाकी, बाथरूममधला निळा बॅरल, स्वयंपाकघरातलं स्टीलचं पिंप आणि सासूबाईंचा तांब्याचा हंडा, जो अर्धा दिसला तरी त्यांना चैन पडत नाही. सोलापूरचं असंच आहे, उजनी शंभरेक किलोमीटरवर आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, ते पण कधी रात्री अडीचला, त्यामुळं इथं कुणी लग्नाची तारीख सांगितली तरी बाई आधी बोटं मोजून बघते की त्या दिवशी पाणी आहे का नाही. अशा घरात मी सहावी टाकी आणली, तीही शोभेची.

आणली म्हणजे काय, गळ्यात पडली. ऑफिसातल्या मॅडमची लातूरला बदली झाली आणि त्या म्हणाल्या, फिश टँक नेतेस का, फुकट आहे. फुकट म्हटल्यावर माझा मेंदू बंदच पडतो. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच काचेची पेटी मी रिक्षात मांडीवर घेऊन सात रस्ता चौकातून घरी आणली, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला रिक्षावाल्यालाच माझ्यापेक्षा जास्त घाम फुटत होता.

सासूबाईंचा पहिला प्रश्न, "पाणी किती लागतं ह्याला?" मी म्हटलं थोडंसंच. मग रात्री हिशोब केला तर काठोकाठ 56 लिटर, थोडं खाली ठेवलं तरी 50. म्हणजे चार घागरी. "चार घागरी? आणि पिणार कोण?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

टँक वर्षभर कोरडा पडून होता म्हणून आधी ओट्यावर ठेवून भरून बघितला, आणि बरं झालं बघितला, सकाळी एका कोपऱ्यातून बारीक धार. जुनं सिलिकॉन कोरडं पडून सुटलं होतं. ते ब्लेडनं खरवडलं, टँकसाठीचं वेगळं सिलिकॉन मिळतं ते भरलं, दोन दिवस वाळवलं. ते वाळताना व्हिनेगरसारखा असा काही वास सुटतो की शेजारच्या मामांनी गेटातूनच विचारलं, "काय लोणचं घातलं का गं?" चाचणीचं पाणी वाया नाही गेलं बरं का, त्यात दोन चादरी आणि पायपुसणी निघाली.

ह्या मामांबद्दल सांगायला पाहिजे. आमची आणि त्यांची भिंत एकच. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात, आधी मागावर आणि नंतर जॉबर म्हणून, म्हणजे माग बिघडला की बोलवायचा माणूस. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि मशीनशी ह्या दोन्हीपैकी कुठलीच नाही, तिथं नुसता कान लावतात.

दुकानातून मी फिल्टर, हवेची मोटर, नळी, वाळू, चार गप्पी आणि दोन मॉली आणले. मॉली मुद्दाम, कारण जड पाणी त्यांना मानवतं आणि आपल्याकडं तर बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. दुकानदारानं हीटर पण दिला. सोलापुरात हीटर! 26 वर सेट करून ठेवायचा, पाणी त्याखाली गेलं की तो आपोआप लागतो. मार्चात आणलाय, त्याचा लाल दिवा मी अजून एकदाही पेटलेला बघितला नाही. मे महिन्यात पाणी 33 झालं तेव्हा मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी त्याला काढून डब्यात ठेवला. बाटलीत बर्फ करून टँकमध्ये तरंगत ठेवायची वेळ आली, कारण पाणी तापलं की त्यात हवा कमी विरघळते आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. सासूबाई म्हणाल्या, "मला कधी बर्फ दिलास का असा?"

पण पहिला खरा घोटाळा झाला तो लाईट गेल्यावर. हवेची मोटर मी खाली फरशीवर ठेवली होती, दिसायला नको म्हणून. दुपारी लाईट गेली, बुडबुडे थांबले, मी झोपले. उठले तर पायाखाली पाणी, टँक चार बोटं रिकामा, आणि मोटरमधून टपटप. सोलापूरच्या घरात टॉवेलला तोटा नाही म्हणून निभावलं. मामा आले, नळीकडं बघितलं आणि हसले, "अगं रॉकेलच्या बॅरलमधून नळीनं कसं ओढायचो आपण, तसंच की. हवेचा जोर गेला, पाणी उलटं उतरलं. मोटर वर ठेव." मग मोटर टँकच्या वरच्या फळीवर गेली आणि नळीत तो छोटासा उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला. तो मी उलटाच बसवला. पूर्ण संध्याकाळ बुडबुडा नाही, मी नळीच्या टोकाचा बुडबुड्यांचा दगड बदलला, नळी बदलली, मोटरला दोन चापट्या मारल्या, आणि शेवटी कळलं की पाण्याला अडवायचं सोडून तो हवेलाच अडवून बसलाय. ह्यावर मी घरात कुणाला काही बोलले नाही, इथंच सांगतेय.

आणि वायर. बोर्डाच्या आधी वायरला खाली एक झोळ सोडायचा असतो, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाला टपकतं, प्लगात जात नाही. एवढी साधी गोष्ट कुठल्याच डब्यावर मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत?

मग मासे मेले. एका आठवड्यात तीन गप्पी. ह्यात दोन चुका होत्या आणि दोन्ही माझ्याच. पहिली म्हणजे टँक मांडला त्याच दिवशी मासे सोडले. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाऊन त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो, आणि मी पाणी दुधाळ दिसलं म्हणून तो स्पंज नळाखाली धरून चांगला खसाखसा धुतला, म्हणजे आलेले चार पाहुणे पण हाकलले. तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा असतो. दुसरी चूक जास्त लागली मला. बाहेरच्या लोकांना सांगतात की नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ द्या. आपल्याकडं प्रत्येक बादली आपोआप चार दिवसांची! ह्या बाबतीत सोलापूरकर जन्मतः तयार. पण त्या दिवशी पाणी आलेलं, नळ धो धो चालू, औषधाचा वास येत होता आणि मी खुशीत पाइप थेट टँकमध्ये सोडला. आयुष्यात एकदा ताजं पाणी द्यायला गेले.

मामा सकाळी काचेशी उकिडवे बसून मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू, आणि तिथंच थांबायचे.

आता जरा फिल्टरचं, कारण माझा जीव त्यात अडकलाय. लाईट जाऊन आली की तो घूं करायचा पण पाणी फेकायचा नाही. मी नवीन आणायला निघाले होते. मामा म्हणाले थांब, आणि त्यांनी कान लावला, म्हणजे खरंच काचेला कान लावला, चष्मा काढून. "मोटर चालू आहे. ठोका बसंना. आत काहीतरी अडकलंय." प्लग काढला, फिल्टर बाहेर घेतला, खालचं झाकण फिरवलं. आतून एक बोटाच्या पेराएवढा गोल लोहचुंबक आणि त्याच्या टोकाला पंख्यासारखी इवली पाती, भातुकलीतली वाटावी अशी. मधून सुईसारखी पांढरी दांडी. आणि दांडीच्या बुडाशी वाळूचा एक कण. एकच. मामांनी जुन्या टूथब्रशनं ते भोक साफ केलं, चुंबक हातात घेऊन दांडीवर नुसता फिरवून बघितला, दोनदा, तीनदा, जसा मागावरची सुताची कांडी नीट भरली का बघताना फिरवत असतील तसा, आणि मगच आत बसवला. पाण्यात ठेवल्यावर लगेच चालू नाही केला. आधी आडवा केला, आतला हवेचा एक मोठा बुडबुडा भळकन वर आला, मग सरळ. "आता लाव." पाणी सुटलं. एकुलत्या गप्पीला त्या झोतानं ढकलून दुसऱ्या काचेपर्यंत नेलं.

वाळूचा कण मामांनी खिशात टाकला का फेकला ते मला आठवत नाही, पण तो बराच वेळ त्यांच्या बोटावर होता.

सासूबाईंचा विरोध मावळला का तर नाही. पण दर आठवड्याला मी 10-12 लिटर पाणी काढते ते त्या बादलीसकट ताब्यात घेतात, कढीपत्त्याला आणि तुळशीला घालतात, आणि कढीपत्ता खरंच माजलाय. नायट्रेट म्हणजे खतच की. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की ह्यासाठी मासे कशाला पाळायला हवेत.

परवा रात्री दीडच्या सुमाराला लाईट गेली. मला कळलंच नाही, मी गाढ. जाग आली ती भिंतीवर ठकठक झाल्यानं. पलीकडून मामांचा आवाज, "काय गं, मोटर बंद पडली काय?" मी म्हटलं मामा लाईट गेलीय, पण तुम्ही कशानं उठलात? तर म्हणाले आवाज थांबला म्हणून. माग चालू असताना आम्ही तिथंच झोपायचो, थांबला की उठायचो.

वीस मिनिटांनी लाईट आली. हवेची मोटर गुरगुरली, फिल्टर घूं करून अडला, मी अंधारातच हात घालून तो आडवा केला, भळकन बुडबुडा, पाणी सुटलं. पलीकडं खाट करकरली. मी दिवा लावून मोजलं, तेवढ्यात अंगणात हौदाच्या तोंडाशी पाइप फुरफुरायला लागला, पाणी आलं होतं, आणि सासूबाई हंडा घेऊन माझ्या आधी बाहेर.