डॅडगॅडमधला भूप: वर्ज्य निषाद आणि फुकट-विकतचा हिशेब

भूप रागातल्या गतीचा (वाद्यावर वाजवायच्या रचनेचा) गिटारसाठीचा टॅब, म्हणजे कोणती तार कोणत्या पडद्यावर दाबायची याचे लेखन, पुरा झाल्याचे मागील नोंदीत लिहिले होते, आणि कागदावर तो खरोखरच पुरा आहे. मात्र तबल्यावर साथ करणाऱ्या मित्रासाठी त्याची मिडी फाइल (जिच्यात ध्वनी नसून स्वर वाजवण्याच्या सूचना असतात) काढून दुसऱ्या संगणकावर वाजवली, तेव्हा सा-ध या मींडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरण्याच्या) तोंडाशी शुद्ध निषाद ऐकू आला. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, त्यामुळे हा स्वर दाताखालच्या खड्यासारखा लागला.

गिटार डॅडगॅड ट्यूनिंगमध्ये, म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंतच्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावलेली, आणि षड्ज डी धरला आहे. पहिल्या तारेच्या नवव्या पडद्यावर धैवत मिळतो. तिथेच तार आधी दीड टोन, म्हणजे तीन अर्धस्वर, ताणून तार षड्ज छेडायचा आणि सावकाश सैल करत धैवतावर उतरायचे, असा तो प्रीबेंड-रिलीज आहे. टॅब लिहिण्याच्या मोफत टक्सगिटार आणि विकतच्या गिटार प्रो या दोन्हींच्या बेंडच्या (तार ताणण्याच्या) खिडकीत दीड टोन बिनतक्रार लिहिता येतो, म्हणजे लिपीचा दोष नव्हता. मिडीमध्ये बेंडचा पल्ला वेगळा सांगितला नाही, तर तो वर-खाली दोन अर्धस्वरांपुरताच धरण्याचा प्रघात आहे. मी वापरलेल्या एका मोफत रूपांतरकाने तीन अर्धस्वर त्याच चौकटीत कोंबले. वरचा अर्धस्वर कापला गेला आणि षड्जाच्या जागी निषाद येऊन बसला.

उपाय सापडला, पण तो हातानेच करावा लागला. ट्रॅकच्या आरंभी मिडीतल्या कंट्रोलर (नियंत्रण-सूचना) १०१ आणि १०० यांना शून्य देऊन कंट्रोलर ६ ला १२ दिले की पल्ला एका सप्तकाचा होतो. मग बेंडची मूल्येही नव्याने मांडावी लागतात: मध्यबिंदू ८१९२, त्यामुळे तीन अर्धस्वरांसाठी १०२४०. हे आकडे भरून झाल्यावर तार षड्जावरून धैवतापर्यंतची उतरण प्रथमच सलग ऐकू आली, आणि ती मी त्या संध्याकाळी गरजेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा ऐकली.

त्या आनंदात खर्जाकडे दुर्लक्ष झाले होते. सहावी, पाचवी आणि चौथी या मोकळ्या तारा सा-प-सा असा आधार देत असतात, आणि मींड सुरू होताच तो आधारही तिच्याबरोबर घसरू लागला. मिडीतला बेंड एका तारेला नव्हे, तर संपूर्ण चॅनेलला लागू होतो. गिटार प्रोच्या जुन्या जीपी५ स्वरूपात प्रत्येक ट्रॅकला साधा आणि इफेक्टचा असे दोन चॅनेल असतात ते याचसाठी. रूपांतरात दोन्ही एक झाले होते. खर्जाचा ट्रॅक निराळा केल्यावर आधार स्थिर राहिला. परंतु आता छापील पानावर एकाच गिटारचे दोन टॅब एकाखाली एक दिसतात, आणि अंगठा व बोटे एकत्र वाचणाऱ्याला ते गैरसोयीचे आहे. त्यामुळे वाजवण्याची फाइल वेगळी आणि छापण्याची वेगळी, असे ठरवले होते.

हे लिहिताना मात्र वाटू लागले की मिडीचा हट्ट कशासाठी? साथीदाराला लय आणि सुरावट ऐकायची आहे, फाइल संपादित करायची नाही. गिटार प्रोमधून थेट ऑडिओ काढला, तर मींड आणि खर्ज दोन्ही जिथल्या तिथे राहतील. त्यामुळे दोन फाइलींचा बेत तूर्त रद्द.

पैसे कशाचे मोजायचे, याबद्दलचे माझे मतही यातूनच पक्के झाले. टॅब लिहिणे, जुन्या जीपी५ फाइली उघडणे आणि त्याच स्वरूपात जतन करणे एवढेच काम असेल, तर टक्सगिटार पुरेसे आहे. शिवाय ते लिनक्सवर चालते, जी सोय गिटार प्रोने सातव्या आवृत्तीपासून काढून घेतली. छपाईसाठी मी म्यूझस्कोअर या मोफत स्वरलेखन-प्रणालीकडेच वळतो, कारण स्वरलेखन आणि टॅब परस्परांशी जोडलेले ठेवून त्याच्याइतके देखणे पान मला इतर कुठे मिळालेले नाही, आणि ४.२ या आवृत्तीपासून त्यात बेंड व निराळी ट्यूनिंग यांची व्यवस्थाही बरीच सुधारली आहे. गिटार प्रोची किंमत मोजायची ती नमुना-ध्वनींसाठी (खऱ्या वाद्यांच्या मुद्रित आवाजांसाठी) आणि कीबोर्डवरून लिहिण्याच्या वेगासाठी. ती एकरकमी आहे, मासिक वर्गणी नाही, हे मला विशेष पटते. नुसते वाचायचे असेल, तर ती मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

फॉस्फर ब्राँझच्या संचातल्या बारा गेजच्या साध्या पोलादी तारेवर नवव्या पडद्यापाशी दीड टोन ओढणे बोटांना जाचक आहे, मग पहिली तार डीपर्यंत उतरवलेली का असेना. म्हणून तीच उतरण बाराव्या पडद्यावरून नवव्यापर्यंत घसीटीने (दाबलेले बोट पडद्यांवरून सरकवत) लिहून पाहणार आहे. घसीटीत मधले शुद्ध आणि कोमल असे दोन्ही निषाद पडद्यांमुळे ओझरते उमटतील. ते झाकण्याइतका वेग भूपाच्या विलंबित चालीला मानवतो का, हे प्रथम गिटारवर तपासायचे आणि त्यानंतरच टॅबमध्ये उतरवायचे.