आईचं वजन, दुधातले जिवाणू आणि पंपाची व्हॉल्व्ह

‘माझं वजन जास्त आहे, मग माझं दूध बाळाला बाधेल का?’ ठाणे-नवी मुंबईतल्या बाळंतिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. उत्तर एका शब्दात: नाही. तरी प्रश्न बिनबुडाचा नाही.

अंगावरचं दूध निर्जंतुक नसतं. दिवसाला ८०० मिली दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात रोज साधारण १ लाख ते १ कोटी जिवाणू जातात, आणि ते जायलाच हवेत. अमेरिकेत १०७ मायलेकरांच्या जोड्या तपासल्या, तेव्हा मुख्यतः अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यातले पहिल्या महिन्यातले सुमारे २८ टक्के जिवाणू दुधातून आणि १० टक्के स्तनाग्राभोवतीच्या त्वचेवरून आलेले दिसले. म्हणून पाजण्याआधी जंतुनाशकाने छाती पुसायचा सोपस्कार करू नका. रोजची आंघोळ पुरते.

वजनाचा मुद्दा २०१२ सालच्या एका अभ्यासाने पुढे आला. फिनलंडमधल्या १८ आयांचं दूध तीनदा तपासलं: चीक, मग १ महिन्याचं, मग ६ महिन्यांचं. लठ्ठ आयांच्या दुधात जिवाणूंचे प्रकार कमी निघाले. ठरवून सिझेरियन झालेल्यांचं दूधही वेगळं होतं; आयत्या वेळी सिझेरियन करावं लागलेल्यांचं मात्र नैसर्गिक बाळंतपणाच्या जवळ जाणारं. म्हणजे कळांच्या वेळच्या हार्मोन्सचाही यात हात असावा. पण १८ आया म्हणजे फार थोड्या, आणि नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी नीट जुळत नाहीत. शिवाय जास्त वजनाबरोबर मधुमेह, सिझेरियन, अँटिबायोटिक्सही येतात; त्यातून नुसत्या वजनाचा वाटा वेगळा काढणं कठीण. एवढ्यावरून डब्याची पावडर आणायला धावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

वजन मोजायचं ते गर्भारपणाआधीचं. १५५ सेंमी उंची आणि ६८ किलो असेल तर बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २८.३ येतो. जागतिक मोजपट्टीवर हे नुसतं ‘जास्त वजन’, पण भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात.

जास्त वजनाचा खरा त्रास वेगळाच असतो: दूध उशिरा उतरतं. बाळाने ओढल्यावर वाढणारं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं हार्मोन, पहिल्या आठवड्यात कमी वाढतं आणि पान्हा ७२ तासांच्या पुढे जाऊ शकतो. तेवढ्यात घरचे ‘दूधच नाही’ म्हणून वरचं सुरू करतात, आणि बाळ ओढत नाही म्हणून दूध आणखी मागे पडतं. तेव्हा पहिल्या तासातच बाळ उघड्या छातीवर घ्या. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा. बाळ ओढत नसेल तर अंगठा आणि बोट स्तनाग्रापासून २-३ सेंमी मागे ठेवून आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे, आणि चीक वाटीत काढून चमच्याने द्या. पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिली पुरतो. स्तन जड असेल तर खाली टॉवेलची गुंडाळी द्या. टाके असतील तर बाळ काखेखाली धरा, म्हणजे पोटावर भार येत नाही. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान ६ वेळा शू हवी. बाळाचं वजन जन्मावेळच्या वजनापेक्षा १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता दूध काढायचा पंप. ऐरोली-महापेच्या ऑफिसात परतणाऱ्यांसाठी वजनापेक्षा हा विषय मोठा. कॅनडात ३९३ आयांच्या दुधात, बाळ थेट अंगावर पितं की पंपाने काढलेलं, याचा जिवाणूंवर ठळक परिणाम दिसला. थेट पिताना बाळाची लाळ उलटी दूधनलिकेत जाते. पंपाने ते होत नाही. पंपाच्या भागांवरचे जंतू येतात, ते वेगळेच. सगळ्यात दगा देते ती चोचीच्या आकाराची सिलिकॉनची व्हॉल्व्ह, म्हणजे दूध एकाच दिशेने जाऊ देणारी छोटी झडप. चोचीच्या फटीत साय अडकते, आणि आपल्या दमट हवेत तिथे जंतू फोफावतात. काढल्या काढल्या सगळे भाग सुटे करून वाहत्या पाण्याखाली धरा. मग साबणाच्या गरम पाण्याने वेगळ्या टपात धुवा. ऑफिसचं सिंक नको. फटीत ब्रश किंवा नख घालू नका, फाटते आणि ओढ कमी होते. बाळ २ महिन्यांपेक्षा लहान असेल तर भाग रोज ५ मिनिटं उकळा आणि फडक्याने न पुसता वाऱ्यावर वाळवा. नळीत वाफ धरली तर ती न धुता पंप दोनेक मिनिटं नुसताच चालवा.

काढलेलं दूध बाहेर ४ तास टिकतं, हा नियम २५ अंशांपर्यंतचा. एप्रिल-मेमधलं ठाण्यातलं घर त्यात बसत नाही, लगेच फ्रिजमध्ये टाका: दारात नको, आत मागे, ४ दिवसांपर्यंत. वाशी-ठाणे लोकलमध्ये बर्फाच्या पॅकसह बंद पिशवीत २४ तास चालतं.

वजन उतरवायचं तर आठवड्याला अर्धा किलो, त्याहून घाई नको. पहिल्या ६ महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज जादा ६०० कॅलरी लागतात, आणि तुपात न्हालेले तीन मोठे डिंकाचे लाडू तेवढ्याला सहज पोहोचतात. त्यावर वर शिरा कशाला?