वारा कधी फिरतो, त्यावर सगळं

मार्चमधला हा आठवडा डोंबिवली-बदलापूरला भाजून काढतोय. सकाळी जमिनीवरून पूर्वेचा कोरडा वारा येतो. समुद्रावरचा वारा ११-१२ पर्यंत आत शिरला तर पारा आवरतो. दोन-अडीचपर्यंत रखडला की ३८-३९ गाठलेच समजा. बदलापूर आणखी आत, म्हणून तिथे दिलासा उशिरा. किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ जास्त असेल, तर हवामान खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं.

कूलरवाल्यांनो, कोरड्या वाऱ्यात तो झकास चालतो. संध्याकाळी दमट हवा आली की पॅडवरचं पाणी उडतच नाही, नुसता चिकचिकाट! तेव्हा पंप बंद, पंखा चालू, खिडकी उघडी. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळतं. आंघोळीचं सकाळीच भरून ठेवा. कुंड्यांना तर ते थेट घालूच नका.