तिसरा फोन

आमच्या खात्यात एआय म्हटलं की आजकाल नवीन लोक चमकतात, पण आमचा एआय फार जुना आहे, ॲनालिसिस ऑफ इम्पेडिमेंट्स, म्हणजे शहरात घर मिळवताना आणि टिकवताना कुणाच्या वाटेत काय काय आडवं येतं ते शोधायचं, लिहून काढायचं आणि ते कमी कसं करणार तेही लिहायचं. मी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात म्युनिसिपालिटीच्या हाऊसिंग खात्यात काम करते. शहराचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच.

या सगळ्याच्या मुळाशी आहे 1968 चा फेअर हाऊसिंग ॲक्ट. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली त्यानंतर आठवड्याभरात त्यावर सही झाली. वंश, रंग, धर्म, मूळ देश यावरून घर नाकारायचं नाही, 1974 ला त्यात लिंग आलं, 1988 ला अपंगत्व आणि पदरी लहान मुलं असणं आलं. हे घरमालकांसाठी झालं. पण ज्या शहराला फेडरल सरकारची सीडीबीजी ग्रांट (शहराच्या विकासासाठी मिळणारे पैसे) पाहिजे त्याला त्या काळी हेही लिहून द्यावं लागायचं की आमच्या शहरातले अडथळे आम्ही शोधले आणि ते काढायला काहीतरी करतोय. 2015 ला यासाठी नवीन कडक नियम आला, मोठं किचकट टूल आलं, ते शिकण्यात आमचं सगळं वर्ष गेलं, आणि 2018 मध्ये हडने (म्हणजे फेडरल हाऊसिंग खात्याने) शहरांसाठीचं ते टूल मागे घेतलं, परत जुन्याच एआयवर या म्हणाले. आलो.

तर गोष्ट 2019 ची. ड्राफ्ट जवळपास तयार होता, शंभरेक पानं. सेन्ससचे आकडे, कुठल्या भागात कुणाची होम लोन नाकारली जातात ते, झोनिंग, कुठे अपार्टमेंट बांधायलाच परवानगी नाही ते, बस कुठपर्यंत जाते ते, सगळं. टेस्टिंग पण करून घेतलं होतं, म्हणजे दोन माणसं तयार करायची, पगार तेवढाच, नोकरी तशीच, फरक फक्त एका गोष्टीत, आणि दोघांना एकाच घराची चौकशी करायला पाठवायचं. (हे कायदेशीर आहे, अशा टेस्टरलासुद्धा कोर्टात जाता येतं हे सुप्रीम कोर्टाने 1982 मध्येच सांगितलंय.) फोनवरच्या एका टेस्टला आयत्या वेळी माणूस मिळेना म्हणून मीच बसले होते, माझा ॲक्सेंट तिथे फुकटात कामाला आला. आणि शेवटी अडथळ्यांची यादी. पहिला अडथळा : जागरूकतेचा अभाव. मागच्या रिपोर्टमध्ये पण पहिला हाच होता, त्याच्या मागच्यात पण. जागरूकतेचा अभाव फार सोयीचा असतो, पत्रकं छापली की झालं, आणि दोष बिचाऱ्या ज्याला माहीत नव्हतं त्याचाच.

मग राहिली होती पब्लिक मीटिंग. लायब्ररीच्या तळघरातली खोली, संध्याकाळी साडेसहा, मी भिंतीवर नकाशे लावून उभी. माणसं आली चार. त्यातले दोन नेहमीचे, एक पार्किंगवर बोलले आणि एक झाडांवर. तिसरे एक घरमालक, माझ्यावर नजर ठेवायला आले असावेत. चौथी एक बाई, नर्सिंग होममध्ये घालतात तो निळा युनिफॉर्म, सोबत पाच-सहा वर्षांचा मुलगा. दारातच तिने विचारलं, ही मीटिंग पोलिसांची नाही ना. मी म्हटलं नाही, हाऊसिंगची आहे. मग तिने सही करायच्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, नाव लिहायलाच पाहिजे का. म्हटलं नाही. ती मागे बसली आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, बाकीचे गेले, मी नकाशे काढायला लागले, तेव्हा पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून तिने माझ्यापुढे धरला.

पत्र तिच्या घरमालकाला होतं. त्याने ते तिच्या हातात ठेवलं होतं, वाच म्हणून. मजकूर साधारण असा, की तुमच्या मालकीच्या अमुक पत्त्यावर बारा महिन्यांत पोलिसांना दोन वेळा यावं लागलंय, तिसऱ्यांदा यावं लागलं तर हा पत्ता 'न्यूसन्स प्रॉपर्टी' म्हणून नोंदला जाईल, दंड होईल, भाड्याने द्यायच्या लायसन्सचा विचार करावा लागेल, तरी आपण योग्य ती उपाययोजना करावी. आता योग्य ती उपाययोजना म्हणजे घरमालक काय करणार? दोन वाक्यात काम संपवलं होतं त्याने, पुन्हा पोलीस आले तर घर सोड.

आणि पत्राच्या वर लोगो आमचा. माझ्या गळ्यातल्या आयडीवर होता तोच. सही करणाऱ्याचं ऑफिस माझ्या ऑफिसच्या दोन मजले वर.

पोलिसांना दोन्ही वेळा तिनेच बोलावलं होतं. आधीचा पार्टनर, म्हणजे मुलाचा बाप, दारावर येऊन धिंगाणा करायचा, एकदा हात पण उचलला होता. दोन्ही वेळा पोलीस आले, त्याला घेऊन गेले, म्हणजे जसं व्हायला पाहिजे तसंच झालं. मग हे पत्र. आणि पत्रानंतर तो तिसऱ्यांदा आला.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? तर ती अगदी साधेपणाने सांगायला लागली, जसं आपण घरातली एखादी युक्ती सांगतो ना तसं, की मुलाला घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि टबचा नळ पूर्ण सोडून ठेवला. मला वाटलं मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. तसं मी बोलले पण. ती म्हणाली, नाही नाही, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तो बाहेरून ओरडत होता ते तर मी थांबवू शकत नाही, पण मुलगा रडत होता, आणि मूल रडताना ऐकलं की शेजारची म्हातारी पोलिसांना फोन करते, चांगली आहे ती.

मग तिने तिचा प्रश्न विचारला, म्हणजे ज्यासाठी ती दोन बसेस बदलून आली होती तो. तिसरा फोन माझा नसेल, शेजाऱ्याने केला असेल, तरी मोजतात का?

मला माहीत नव्हतं. घरांच्या अडथळ्यांवर शंभर पानं लिहून मी तिथे उभी होते आणि हा नियम आपल्या शहरात आहे हे मला नीट माहीत नव्हतं, कारण तो शहराच्या नियमांत हाऊसिंगच्या चॅप्टरमध्ये नाहीच, कचरा, वाढलेलं गवत, मोठ्याने म्युझिक या चॅप्टरमध्ये आहे. तिचा नंबर घेतला, उद्या सांगते म्हटलं, आणि काहीही झालं तरी जिवावर बेतलं तर 911 ला फोन कराच असंही म्हटलं. ती हो म्हणाली. कुणालाही बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं.

रात्री घरी बसून तो नियम वाचला, तीन वेळा. कुणी फोन केला याचा उल्लेखच नव्हता, गुन्हा करणारा आणि ज्याच्यावर झाला तो असा काही फरकच नव्हता. मग शोधत बसले की बाकीच्या गावात काय आहे, आणि नॉरिसटाऊन सापडलं. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, तिथे असाच नियम होता, चार महिन्यांत तीन वेळा पोलीस आले की घरमालकाचं लायसन्स धोक्यात. 2012 मध्ये तिथल्या एका बाईवर आधीच्या बॉयफ्रेंडने जीवघेणा हल्ला केला, मानेला जखम, आणि तिने फोन केला नाही कारण घर जाईल ही भीती. फोन शेजाऱ्याने केला. तिला हेलिकॉप्टरने हॉस्पिटलला न्यावं लागलं, आणि त्यानंतर गावाने काय केलं तर तिला घरातून काढायला घरमालकाच्या मागे लागले. मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ नुसती बसले होते.

सकाळी दोन मजले वर गेले. तो ऑफिसर मला आधीपासून ओळखीचा, सरळ माणूस, वाईट वगैरे अजिबात नाही. तो म्हणाला हो, मोजतो, शेजाऱ्याने केला तरी. आम्ही पत्त्यावर मोजतो, माणसावर नाही. नियम केला होता ड्रग्ज विकणाऱ्या घरांसाठी आणि कॉलेजच्या पोरांच्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांसाठी, त्या वेळी आजूबाजूच्या लोकांनीच मागणी केली होती, आणि खरं सांगायचं तर घरमालकांच्या संघटनेने विरोध केला होता, हे मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं आत्तापर्यंत पाठवलेल्या पत्रांची यादी मिळेल का, मला वाटलं आता अर्ज कर वगैरे सांगेल, तर त्याने दहा मिनिटांत एक्सेल मेल केली. त्याच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

कॉलचा प्रकार असा एक कॉलम होता. मी त्यावर सॉर्ट केलं. ड्रग्ज आणि पार्ट्या होत्या, नाही असं नाही. पण 'डोमेस्टिक' खाली खाली जातच राहिलं, स्क्रीन संपली तरी संपेना. मग 'मेडिकल', मग 'मेंटल हेल्थ'. एक पत्ता पुन्हा पुन्हा येत होता, बघितलं तर अपंग लोकांचं ग्रुप होम, तिथे कुणाला फिट आली की स्टाफ 911 ला फोन करणार, दुसरं काय करणार? सगळे पत्ते नकाशावर टाकले तर ते नेमके तिथेच पडले जिथे माझा नकाशा आधीच गडद होता, म्हणजे जिथे अडथळे जास्त. मी त्या गडद भागाखाली जे कारण लिहिलं होतं ते आठवून लाज वाटली. जागरूकतेचा अभाव.

दुपारी तिला फोन करून सांगितलं, हो, मोजतात. ती म्हणाली, मला वाटलंच. लीगल एडच्या वकिलांचा नंबर दिला, तिने तो परत म्हणून दाखवला, थँक यू म्हणाली. मी खूप काही बोलणार होते पण ती ड्युटीवर होती.

बॉसला सांगितलं तर ती आधी गप्पच. मग म्हणाली, अडथळ्यांच्या यादीत आपण आपलंच नाव लिहायचं? म्हटलं यादी अडथळ्यांची आहे ना. सिटीच्या वकिलांना बोलावलं. मी त्यांना नळाची गोष्ट सांगितली, त्यांनी मान हलवली, वाईट आहे म्हणाले. मग मी सांगितलं की नियमाच्या मजकुरात बाई-पुरुष काही नसलं तरी मार बसणाऱ्यांत बायका जास्त, म्हणजे त्याचा फटका बायकांनाच जास्त, आणि असा परिणामातून होणारा भेदभावही फेअर हाऊसिंग ॲक्टखाली येतो हे सुप्रीम कोर्टाने 2015 ला मान्य केलंय, 2016 ला हडने नेमक्या अशा न्यूसन्स नियमांवर गाईडन्सही काढलंय. त्यांनी लिहून घेतलं. मग मी म्हटलं, नॉरिसटाऊनला 2014 मध्ये 4 लाख 95 हजार डॉलरवर सेटलमेंट करावी लागली आणि नियम रद्द करावा लागला. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ही एक्सेल अजून कुणाकडे आहे? नळाने जे झालं नाही ते आकड्याने झालं. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं झालं ना, मग झालं.

कौन्सिलने नियम रद्द नाही केला, दुरुस्त केला, गुन्ह्याला बळी पडलेल्याने किंवा त्याच्यासाठी दुसऱ्याने केलेला फोन आणि मेडिकल फोन मोजायचा नाही असं घातलं, त्यालाही सात महिने लागले. पुढे 2022 मध्ये व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट नव्याने मंजूर झाला त्यात हेच आलं, की सीडीबीजीचे पैसे घेणाऱ्या शहराने मदतीसाठी फोन केला म्हणून भाडेकरूला किंवा घरमालकाला शिक्षा करायची नाही.

ती मात्र त्या सात महिन्यांच्या आतच गेली. लीझ संपलं, घरमालकाने रिन्यू केलं नाही, तिचा फोन लागेनासा झाला. मी एकदा संध्याकाळी तिच्या बिल्डिंगवरून गेले तर तिच्या खिडकीत दुसऱ्याच कुणाचे पडदे होते आणि खाली ट्रकमधून एक पाळणा उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी दोन मजले वर जाऊन मी ऑफिसरला विचारलं, त्या पत्त्यावरचे ते दोन कॉल आता गेले का? नवीन भाडेकरू आलेत. त्याने एक्सेल उघडली, पत्ता शोधला, तारखा बघितल्या, बोटांवर महिने मोजले. म्हणाला, नाही, बारा महिने व्हायला अजून वेळ आहे. मग थोडा वेळ स्क्रीनकडेच बघत राहिला.

"म्हणजे त्यांचा पहिलाच फोन तिसरा धरला जाईल," तो म्हणाला.