नऊ कोर्स, तरी दुखणं तिथंच

प्रोस्टेटला (मूत्राशयाखालच्या, पुरुषांमधल्या ग्रंथीला) सूज आहे म्हणून आलेल्या पेशंटच्या पिशवीतून निघालेल्या नऊ चिठ्ठ्यांपैकी प्रत्येकीवर अँटिबायोटिक होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन पाच दिवस, ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल पाच दिवस, सेफिक्झिम सात दिवस, नायट्रोफ्युरँटॉइन सात दिवस, पुन्हा सिप्रो. सोबत तीन सोनोग्राफी रिपोर्ट होते आणि तिन्हींवर ‘मुतखडा नाही’ असंच लिहिलेलं. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू उगवून पाहण्याची तपासणी, मात्र एकदाही झालेलं नव्हतं. तीन वर्षांत एकाही डॉक्टरने औषध सुरू करण्याआधी जंतू आहे का, हे तपासलं नव्हतं.

यवतमाळ जिल्ह्यातला एक्केचाळीस वर्षांचा शेतकरी. घरचा ट्रॅक्टर, हंगामात भाड्यानेही चालवायचा. कापूस निघाला की ट्रॉली भरून जिनिंगच्या रांगेत रात्र-रात्र बसून राहायचं. खाली उतरायला जागा नाही म्हणून लघवी दाबून धरायची, आणि लघवी लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. दुखणं शिवणीत, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात. तिथून ते ओटीपोटात आणि लिंगाच्या टोकापर्यंत जायचं. बसल्यावर वाढायचं, आडवं झालं की कमी व्हायचं. वीर्यस्खलनानंतर दोन दिवस ठणका. लघवी दर तासाला, शेवटी थेंब-थेंब. याला आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धन्या-जिऱ्याचं पाणी देतात. त्याने तेही करून पाहिलं होतं.

त्याचा पहिला प्रश्न वेगळाच होता. “डॉक्टरसाहेब, मले एवढंच सांगा जी, हा कॅन्सर तं नाही ना? आन् बायकोले तं लागणार नाही?”

ही दोन्ही भीती आधी काढली पाहिजे, नाहीतर पुढचं काही ऐकू जात नाही. प्रोस्टेटच्या सुजेला कॅन्सर म्हणत नाहीत. गुप्तरोगाचा जंतू सापडल्याशिवाय हे दुखणं बायकोला लागतही नाही. त्याच्या पिशवीत पीएसएचाही (प्रोस्टेटमधून येणाऱ्या प्रथिनाच्या रक्ततपासणीचा) एक रिपोर्ट होता, आकडा थोडा वाढलेला. त्या आकड्याने त्याची महिनाभराची झोप उडवली होती. सूज असताना, लघवीचा संसर्ग असताना, लघवीची नळी घातल्यावर पीएसए वाढू शकतो. त्या काळात तो काढूच नये. काढलाच असेल तर त्रास निवल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावा आणि मगच मत बनवावं.

प्रोस्टेटच्या सुजेचे चार प्रकार मानतात. पहिला अचानक आलेला जंतुसंसर्ग, थंडी-तापासह. दुसरा जुनाट जंतुसंसर्ग, ज्यात तोच जंतू पुन्हा पुन्हा लघवीत उगवतो. तिसरा जुनाट ओटीपोट-दुखीचा, जंतू सापडत नाही. चौथ्यात त्रासच नसतो, दुसऱ्या कारणासाठी तपासताना सूज दिसते. प्रोस्टेटायटिस म्हणून येणाऱ्या दहांतले साधारण नऊ जण तिसऱ्या प्रकारातले असतात. आणि अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्यांचा ढीग नेमका त्यांच्याच पिशवीत असतो, कारण दुखणं आपसूक चढतं-उतरतं आणि उतरल्याचं श्रेय शेवटच्या गोळीला मिळतं.

दुसरा की तिसरा, हे ठरवायची चाचणी कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी होते. मूळची चार नमुन्यांची पद्धत १९६८ पासून आहे. रोजच्या कामाला दोन नमुन्यांची पुरते. आधीचं अँटिबायोटिक बंद होऊन शक्यतो दोन आठवडे झालेले असावेत, नाहीतर जंतू असूनही उगवत नाही. पेशंटला लघवी भरलेली हवी. तो बाहेर पूर्ण मोकळा होऊन आला की चाचणी वाया जाते, म्हणून हे आदल्या दिवशीच बजावून सांगावं लागतं. त्वचा मागे सारून पाण्याने स्वच्छ करायची, पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि पोटात थोडी लघवी राखून थांबायचं. मग हातमोजा, भरपूर झायलोकेन जेली, आणि गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटला हलका मसाज. बाहेरच्या कडेकडून मध्याकडे, दोन्ही बाजूंनी, साधारण एक मिनिट. त्यानंतर लगेच येणारी पहिली दहा मिलिलिटर लघवी दुसऱ्या डबीत.

दोन्ही डब्यांवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ मी स्वतः लिहिते. लॅबमध्ये त्या अदलाबदल झाल्या तर निदानही उलटं होतं. नमुना दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे. एसटीने जिल्ह्याला पाठवायचा असेल तर लसीच्या डब्यासारख्या बर्फाच्या डब्यात, म्हणजे चार अंशांच्या आसपास चोवीस तास चालतो. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पिशवीतून गेलेल्या नमुन्यात वाटेतच भलतेच जंतू वाढतात आणि एखाद्या माणसाच्या नावावर नसलेला संसर्ग लागतो. ‘नंतर’च्या डबीत जंतू ‘आधी’पेक्षा दहापट असतील तर तो प्रोस्टेटमधला. दोन्हीत काहीच उगवलं नाही तर तिसरा प्रकार.

मसाजापूर्वी त्याला तपासताना माझं बोट जे सांगून गेलं, ते कल्चरपेक्षा महत्त्वाचं ठरलं. ग्रंथी मऊ, सरळ, गाठ नाही, दाबल्यावर फार दुखत नव्हती. पण बोट जरा बाजूला, ओटीपोटाच्या तळाला आधार देणाऱ्या स्नायूंच्या पट्ट्यावर नेलं तर तो स्नायू ताणलेल्या दोरीसारखा हाताला लागत होता. डावीकडे, घड्याळाच्या तबकडीवर चार-पाच असतात त्या जागी दाबलं आणि तो एकदम म्हणाला, “हेच! हेच ते दुखते!” लिंगाच्या टोकाशी जाणारी कळही तशीच उठली. नऊ कोर्सचा मारा ज्या जागेवर चालला होता, दुखण्याची जागा तिच्या शेजारी होती.

मग व्यायामाचं विचारलं. गावात झालेल्या योग शिबिरापासून तो मूलबंध आणि अश्विनी मुद्रा (गुदद्वाराजवळचे स्नायू आवळण्याचे व्यायाम) दिवसातून दोनशे-तीनशे वेळा करत होता, ‘धात जाते, कमजोरी येते’ या भीतीने. ज्यांचे हे स्नायू ढिले आहेत, खोकल्यावर लघवी सुटते, त्यांना तो व्यायाम उपयोगी आहे. ज्यांचे आधीच आवळलेले आहेत, त्यांचं दुखणं त्याने वाढतं. धातीच्या भीतीचं एक वाक्य लिहिते: शौचाला जोर दिल्यावर येणारा पांढरा चिकट थेंब बहुतेक वेळा प्रोस्टेटमधला स्राव असतो, त्याने ताकद जात नाही.

ही तपासणी चालू असतानाच बाहेर दुसरा पेशंट येऊन पडला. अठ्ठावन्न वर्षांचा, मधुमेहाच्या गोळ्या महिन्याभरापासून बंद, सकाळपासून थंडी वाजून ताप, लघवी अडकलेली. त्याचा प्रोस्टेट बोट लागताच गरम, फुगलेला आणि इतका दुखरा की तो टेबलावरून उठून बसला. इथे मसाज अजिबात करायचा नाही. दाबल्याने जंतू रक्तात उतरतात आणि माणूस शॉकमध्ये जाऊ शकतो. लघवीचं व रक्ताचं कल्चर घेऊन लगेच सेफ्ट्रिएक्सोन शिरेतून सुरू केलं, सलाईन, साखर ताब्यात. लघवी मोकळी करायला नळी जबरदस्तीने ढकलायची नाही. बारीक नळी सहज जात नसेल तर ओटीपोटावरून मूत्राशयात नळी घालणं अधिक सुरक्षित. अठ्ठेचाळीस तासांत ताप उतरला नाही तर प्रोस्टेटमध्ये पू साचला असं धरून सीटी स्कॅनसाठी नागपूरला पाठवायचं. मधुमेही माणसात हे पू साचणं विशेष दिसतं. याचा ताप दुसऱ्या दिवशीच उतरला. घरी जाताना एकूण दोन ते चार आठवड्यांचा अँटिबायोटिक कोर्स कल्चरप्रमाणे लिहून दिला, ‘ताप गेला म्हणून बंद करायचं नाही’ असं लाल शाईत.

एकाच ग्रंथीचं नाव घेऊन आलेले दोघे, आणि एकाला जे जीव वाचवायला लागतं, तेच दुसऱ्याला नऊ वेळा दिलं गेलेलं. अर्धवट कोर्सने दोघांचंही नुकसान होतं. ज्याला खरोखर जुनाट जंतुसंसर्ग आहे, त्याला पाच दिवसांत काही होत नाही. प्रोस्टेटमध्ये औषध मुरायला वेळ लागतो आणि तिथे पोचणारी औषधंही मोजकी. लेव्होफ्लॉक्सासिन किंवा सिप्रो पोचतं, जंतू त्याला दाद देत असेल तर चार ते सहा आठवडे द्यावं लागतं. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गात चांगलं, पण प्रोस्टेटमध्ये पुरेसं पोचत नाही. आपल्याकडे ई. कोलाय हा लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जंतू सिप्रोला बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून कल्चरशिवाय सहा आठवडे अंदाजाने गोळ्या खाणं व्यर्थ आहे. या गोळ्या दूध, ताक, लोहाची किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी यांच्यासोबत घेतल्या तर नीट शोषल्या जात नाहीत, त्यांच्या निदान दोन तास आधी घ्याव्यात. टाचेच्या मागे दुखलं तर गोळी थांबवून यावं, कारण शिर (टेंडन) तुटण्याचा धोका असतो. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते.

आणखी एक धोका आपल्या भागात विसरता येत नाही. लघवीत पू-पेशी भरपूर, साधं कल्चर कोरं, सोबत वजन घट किंवा संध्याकाळचा ताप असेल तर मूत्रमार्गाचा क्षयरोग डोक्यात आला पाहिजे. सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने सीबीनॅटला (क्षयाचा जंतू जनुकांवरून ओळखणाऱ्या तपासणीला) पाठवावेत, सरकारी केंद्रात ते मोफत होतं. लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतं, त्यामुळे अंदाजाने दिलेल्या कोर्सने निदान काही महिने मागे पडू शकतं.

आठवडाभरात ट्रॅक्टरवाल्याचे दोन्ही नमुने कोरे आले. ‘नंतर’च्या नमुन्यात पू-पेशी थोड्या, त्यामुळे उपचार फारसा बदलत नाही. त्याला नऊ प्रश्नांची त्रास-मोजणी विचारली. त्यात दुखणं २१, लघवी १० आणि जगण्यावर परिणाम १२, असे एकूण ४३ गुण असतात. त्याचे २९ झाले. ही मोजणी पहिल्या भेटीत लिहून ठेवावीच, कारण पुढच्या वेळी पेशंट ‘काहीच फरक नाही’ म्हणतो आणि कागद सांगतो की सहा गुण उतरले आहेत. तेवढा उतार म्हणजे खरा फरक.

औषधं मोजकीच दिली. लघवीची वाट सैल करणारं टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर, सहा आठवडे. फायदा दिसला नाही तर बंद करायचं. रात्री उठताना आधी बसायचं मग उभं राहायचं, रक्तदाब उतरून चक्कर येते. या गोळीने काही जणांना स्खलनात वीर्य कमी येतं किंवा अजिबात येत नाही, हे आधीच सांगितलं नाही तर धातीची भीती असलेला माणूस तिसऱ्या दिवशी गोळी टाकून देतो. गोळी थांबवली की ते पूर्ववत होतं. मोतीबिंदूच्या शिबिरात जाणाऱ्यांनी ही गोळी घेतो किंवा घेत होतो, हे डोळ्याच्या डॉक्टरला सांगावंच, ऑपरेशनमध्ये बाहुली लुळी पडून अडचण होते. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन ४००, जेवल्यावर, फक्त काही दिवस. उन्हात पाणी न पिता घेतलं तर किडनीवर येतं. झोप मोडत होती म्हणून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. पुढे त्याने ऑपरेशनचं विचारलं, तेव्हा स्पष्ट नाही म्हटलं. या प्रकारात प्रोस्टेट कापून दुखणं जात नाही.

खरं काम स्नायू सैल करण्याचं होतं. मूलबंध बंद. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं पाठीवर पडून, गुडघे दुमडून, एक हात पोटावर. श्वास आत घेताना पोट वर यावं आणि खालचा भाग लघवी सुरू होते त्या क्षणासारखा सैल सुटावा. छाती वर-खाली होत असेल तर चुकतंय. मग आधार धरून उकिडवं बसणं, गुडघे पोटाशी घेणं, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाने. रुंद टबात कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात कमरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बसणं, दिवसातून दोनदा. पहिले तीन आठवडे फरक जाणवत नाही आणि इथेच बहुतेक जण सोडतात. या स्नायूंची खास फिजिओथेरपी करणारं कोणी तालुक्याला नाही, ती नागपूर-सेवाग्रामकडेच मिळते. त्याने तिथे एकदा जाऊन दुखऱ्या जागा मोकळ्या करून घेणं आणि घरी हे चालू ठेवणं, असं ठरवलं.

ट्रॅक्टरच्या सीटवर मधे मोकळी जागा असलेली गादी, तासाभराने खाली उतरून चालणं, लघवी दाबायची नाही, जोरही लावायचा नाही. पाणी थोडं-थोडं दिवसभर. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल, कारण कुंथण्याने तेच स्नायू आवळतात. चहा आणि खर्रा दोन आठवडे सोडून पाहायला सांगितलं. सगळ्यांना त्याने फरक पडत नाही, त्याच्या लघवीच्या तगाद्याला पडला. तिखट त्याने सोडलं नाही आणि त्याने काही बिघडलंही नाही.

सहा आठवड्यांनी गुण २९ वरून १७. टॅम्सुलोसिन हळूहळू बंद झालं. पुढच्या हंगामात जिनिंगच्या रांगेत दोन दिवस बसून दुखणं उसळलं, ते उसळणारच, हे त्याला माहीत होतं. त्याच्याजवळ उसळीचा कागद होता: ताप, लघवीत रक्त किंवा लघवी अडकली तर त्याच दिवशी दवाखाना. हे तिन्ही नसेल तर मेडिकलमधून अँटिबायोटिक घ्यायचं नाही, आधी लघवीचा नमुना द्यायचा, मग टब, श्वासाचा व्यायाम, दोन दिवस आयबुप्रोफेन आणि सीटवरून सुट्टी. नमुन्यात काही उगवलं नाही. आठवड्याभरात दुखणं पुन्हा खाली आलं, आणि त्याने कापसाची पुढची खेप दोन ठिकाणी थांबत नेली.