तुम्ही विचारलंत म्हणून : कानाशी पाचशे ऐंशी व्होल्ट

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनसाठी मी घरीच अँप्लिफायर बांधतो हे कळले, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : कानाशी ५८० व्होल्ट घेऊन बसायला भीती वाटत नाही का? भीती बाळगायलाच हवी, पण ती त्या ५८० व्होल्टची नव्हे.

या हेडफोनमध्ये कॉइल नसते आणि चुंबकही नसतो. दोन सच्छिद्र धातूपट्ट्यांच्या, म्हणजे स्टेटरच्या, मधोमध अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. स्टॅक्स या जपानी कंपनीच्या ‘प्रो’ पद्धतीत त्या पडद्याला ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे कायम टिकणारा स्थिर दाब, मिळतो आणि संगीताचा सिग्नल दोन्ही स्टेटरना परस्परविरुद्ध दिला जातो. बायस पडद्यापर्यंत जातो तो साधारणतः ४.७ मेगाओमच्या रेझिस्टरमधून, त्यामुळे अगदी शॉर्ट झाले तरी जेमतेम ०.१२ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हाच रेझिस्टर मोजमापात मात्र फसवतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओम असल्याने सॉकेटवर बायस मोजला की ५८० ऐवजी ३९५ च्या आसपास आकडा दिसतो, आणि नवखा माणूस तो ‘सुधारायला’ प्रीसेट, म्हणजे बायस जुळवायचा छोटा स्क्रू, फिरवत बसतो.

खरी जपणूक हवी ती स्टेटरच्या बाजूला. हेडफोन आणि केबल मिळून सुमारे १२० पिकोफॅरडचा कपॅसिटरच, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटकच, असतो; २० किलोहर्ट्झला त्यावर ४०० व्होल्टचे शिखर गाठायचे तर ६ मिलिअँपिअर लागतात, म्हणून अँप्लिफायरचा शेवटचा टप्पा, म्हणजे आउटपुट स्टेज, त्याहून अधिक प्रवाह सहज देईल अशीच बांधावी लागते. तेवढा प्रवाह माणसाला झटका द्यायला पुरेसा आहे. यासाठी आउटपुटला काही किलोओमचे रेझिस्टर मी कधीही वगळत नाही आणि आतले इन्सुलेशन फाटलेला जुना हेडफोन, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेत नाही.

सर्वांत घातक भाग कानापासून लांब, पॉवर सप्लायमध्ये असतो. ४०० व्होल्टला भरलेल्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३८ जूल ऊर्जा असते आणि प्लग काढल्यावरही ती तिथेच राहते. २२० किलोओमचा ब्लीडर, म्हणजे कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर, जोडला, तरी ५० व्होल्टपर्यंत उतरायला साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. हा ब्लीडरही विचारपूर्वक निवडावा लागतो : मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात रेझिस्टर मागितला की दुकानदार ओम विचारतो, फार तर वॉट विचारतो, तो किती व्होल्ट सोसेल हे आपणच पाहायचे असते. पाव वॉटचे नेहमीचे रेझिस्टर बहुधा २५० व्होल्टपर्यंतचेच असतात, म्हणून मी एकाऐवजी मोठ्या वॉटचे दोन सिरीजमध्ये लावतो. शिवाय ब्लीडर तुटलेला असू शकतो, हे गृहीत धरून प्लग काढल्यावरही प्रत्येक रेल, म्हणजे सप्लायची प्रत्येक व्होल्टेज-वाहिनी, मीटरने तपासतो, आणि तेही एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून, प्रवाह जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे ठेवून.