खाट मिळाली, पण घराचे काय?

नागपुरात ‘टीबी वॉर्ड’ हा रुग्णालयाचा भाग असला, तरी ऑटोवाल्यांच्या लेखी तो एक पत्ता आहे. मेडिकलजवळ, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाजवळ, एवढे दोन शब्द सांगितले की पुरते. माझी आत्या मात्र ते नाव नेहमी आवाज उतरवूनच घेत असे. या रोगाच्या रुग्णाला ठेवून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर कशी आली, हे शोधता शोधता मी इंग्लंडच्या इतिहासात बराच काळ रेंगाळलो.

तेथे १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने विमाधारक कामगाराला सॅनेटोरियममधील, म्हणजे क्षयरुग्णांना ठेवून घेणाऱ्या आरोग्यधामातील, उपचार मिळू लागले. पुढे १९२१ च्या कायद्याने, विमा असो वा नसो, क्षयरुग्णांसाठी रुग्णालयाची सोय करणे हे काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांचे कर्तव्यच ठरले. त्यासाठी कुठे देवीच्या साथीसाठी बांधलेल्या इमारती वापरात आल्या, तर कुठे नव्या बांधल्या गेल्या. जंतू मारणारे औषध नव्हतेच. उघड्या व्हरांड्यात थंडीवाऱ्यात झोपणे, विश्रांती, दूध, अंडी आणि प्रकृती सुधारू लागली की मोजूनमापून दिलेले अंगमेहनतीचे काम, एवढ्यावर महिनोन्‌महिने काढावे लागत.

खाट मिळाली, तरी घरातील कर्ता माणूस तिच्यावर पडून राहिला की चूल कशी पेटणार, याचे पुरेसे उत्तर त्या कायद्यांत नव्हते, आणि मला तर हीच त्या व्यवस्थेची खरी उणीव वाटते. युद्धात मनुष्यबळाची चणचण भासू लागली, तेव्हा कुठे १९४३ मध्ये रुग्णांच्या कुटुंबांसाठी भत्ता सुरू झाला. तोही फुप्फुसाचा क्षय असलेल्या आणि बरे होऊन कामावर परतण्याची आशा असलेल्यांनाच. जुनाट रुग्ण त्यातून वगळले गेले. हिशेब सरळ होता, पण निष्ठुर. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि ही रुग्णालये कौन्सिलांच्या हातून गेली.

खाटेचे महत्त्व कमी केले ते मद्रासने. १९५६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या केंद्राने शहरातील गरीब रुग्णांचे दोन गट केले. तोवर जंतू मारणारी औषधे आली होती; ती दोन्ही गटांना तीच, मात्र एकाला सॅनेटोरियम आणि दुसऱ्याला आपापले दाटीवाटीचे घर. सॅनेटोरियममधील आहार आणि विश्रांती दोन्ही सरस असूनही वर्षअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखेच लागले, आणि घरच्यांना होणाऱ्या संसर्गाचा धोकाही घरी उपचार घेतल्याने वाढलेला दिसला नाही. १९५९ पासून हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. भारताचा १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम मग जिल्हा क्षयरोग केंद्रे आणि घरी घ्यायच्या गोळ्या यांभोवती उभा राहिला.

घरखर्चाचा प्रश्न मात्र गोळ्यांबरोबर घरीच आला. केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळू लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० झाली. पुन्हा कामावर परतेल का, असे येथे कोणी विचारत नाही, हे मला १९४३ च्या भत्त्यापेक्षा माणुसकीचे वाटते. फक्त रोज अर्धा लिटर दूध घरी आणले, तर महिनाअखेर त्या हजारातले फारसे काही उरत नाही.